चाकं एका सुतात

प्रिय अव्या,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग तुझी कीव आली. चाकांच्या अलाइनमेंटच्या कागदावर सगळे आकडे हिरवे, आणि तरी वेग घेतला की गाडी वास काढत चालल्यासारखी डावीउजवीकडे सरकते म्हणतोस. बाबा रे, हिरवा म्हणजे आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे, एवढंच. डावं चाक मर्यादेच्या या टोकाला, उजवं त्या टोकाला, तरी दोन्ही हिरवीच! मागच्या चाकांचं असं झालं की ती गाडीला तिरकं ढकलतात, आणि सरळ जायला तुला स्टिअरिंग किंचित वळवून धरावं लागतं. म्हणून पुढच्या टाय रॉडला, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याला, हात लावण्याआधी मागचा टो बघ. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर किती वळलीय ते.

मोजायला मशीन लागत नाही. चार स्टँड, दोन लांब दोरे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी एवढं पुरतं. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरा ताणायचा. इथेच माझी फजिती झाली होती. मी चारही चाकांच्या मध्यापासून दोऱ्याचं अंतर सारखं ठेवलं. दिसायला चोख, पण माझ्या गाडीची मागची दोन चाकं पुढच्यांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब आहेत, त्यामुळे दोरे मागे फाकले आणि मी तासभर दोऱ्याचा तिरकेपणा मोजत बसलो. दोरे समांतर हवेत एकमेकांना. पुढे आणि मागे दोन दोऱ्यांमधलं अंतर तेच यायला हवं, आणि चाकाच्या मध्यापासून दोऱ्याचं अंतर पुढच्या जोडीला डावी-उजवीकडे सारखं, मागच्या जोडीलाही आपसात सारखं. ते जमेपर्यंत पट्टी रिमला लावूच नकोस. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

मग रिमची पुढची कड आणि मागची कड, दोन्हींचं दोऱ्यापासून अंतर घे. पुढचं जास्त आलं तर टो-इन, म्हणजे चाकं पुढून आत वळलेली, कमी आलं तर टो-आउट, म्हणजे चाकं फेंगडी. सुतारकामात एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास, इकडेतिकडे खपून जातं. इथे १५ इंची रिमवर कडेकडेत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ९ मिनिटांचा कोन (एका अंशाची साठ मिनिटं), आणि तो हाताला कळतो. रिम जरा वाकडी असेल अशी शंका आली तर गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा मोज आणि सरासरी घे.

जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मात्र मोजू नकोस. टायर जमिनीला अडकून चाकं आत ओढलेली राहतात, सस्पेन्शन बसलेलं नसतं. गाडी चार-पाच फूट मागेपुढे ढकल, पुढचा-मागचा भाग दाबून सोड. सीटवर तुझ्या वजनाइतकं काहीतरी ठेव. गाडी खाली बसली की टो थोडा बदलतो. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल, बदलायचा असेल तर तो आधी, कारण त्याने टो हलतोच.

आता किती ठेवायचा? तुझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी. पुढची चाकं रस्त्याच्या रेट्याने किंचित फाकतात, सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी बुश तेवढी सैल असतातच. म्हणून रोजच्या रस्त्यावर पुढे मी दर चाकाला अर्धा मिलिमीटर टो-इन ठेवतो. ट्रॅकवर जाणारे पुढे जरा टो-आउट ठेवतात, वळणात गाडी पटकन नाक घालते. पण सरळ रस्त्यावर ती चंचल होते, आणि कॅम्बर जास्त असेल तर टायरची आतली कड लवकर संपते. मागे मात्र टो-आउट नकोच. वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदम पाय उचललास की शेपूट बाहेर येते. पोर्शेने १९७७ च्या ९२८ या गाडीमध्ये मागच्या सस्पेन्शनची रचनाच अशी केली, की पाय उचलल्यावर किंवा ब्रेक लावल्यावर चाकं फाकण्याऐवजी आत वळावीत. त्याला वाइसाख अ‍ॅक्सल म्हणतात. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून मागे दर चाकाला एक मिलिमीटर टो-इन.

फिरवणं सोपं आहे. स्टिअरिंग सरळ बांधून ठेव, टाय रॉड जागेवर धरणारा लॉकनट सैल कर, आणि दोन्ही बाजूंचा प्रत्येक टाय रॉड त्याच्या चाकाचा आकडा येईपर्यंत वेगळा फिरव. माझ्या गाडीत पाव फेरा म्हणजे रिमवर साधारण एक मिलिमीटर. तुझ्यात किती, ते एकदा फिरवून बघ. लॉकनट आवळताना रॉडही थोडा सोबत फिरतो, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचंच. मी एकदा आळस केला आणि स्टिअरिंग वाकडं घेऊन महिनाभर फिरलो.

महिनाभराने टायरवरून तळहात आडवा फिरव, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत, दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो अजून चुकतोय. मग आकडे पाठव, पुन्हा बघू.

तुझाच,
बंड्या