बायझन्टाइन संग्रहालय वगळू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या सहलीवर आलेल्या लेखात अथेन्सचे बायझन्टाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या) आणि ख्रिस्ती कलेचे संग्रहालय ‘सगळी चित्रे एकसारखीच’ म्हणून वगळायला सांगितले आहे. हा सल्ला पटत नाही. अॅक्रोपोलिसला अर्धा दिवस देणाऱ्याने इथे दोन तास जरूर द्यावेत; फक्त नजर कुठे ठेवायची ते आधी ठाऊक हवे.

१९१४ साली स्थापन झालेले हे संग्रहालय १९३० पासून ‘विला इलिसिया’ या वाड्यात आहे. सिंताग्मा चौकातून मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाने पुढचेच स्टेशन एव्हांगेलिझमोस. तिथून चालत जाता येते. विमानतळाची गाडीही याच मार्गाची. वेळा आणि साप्ताहिक सुट्टी बदलत असते, म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहून घ्यावे. मांडणी कालक्रमाने आहे. मधूनच सुरुवात केली तर गोंधळ नक्की.

जुन्या गोव्यातले सांता मोनिकामधील ख्रिस्ती कला संग्रहालय पाहिलेल्यांना इथे मूर्ती कमी वाटतील. पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) चर्चने पूर्णाकृती मूर्तीपेक्षा सपाट प्रतिमाच, म्हणजे ‘आयकॉन’, मानली. सुरुवातीच्या दालनातला प्राण्यांनी वेढलेला संगमरवरी ऑर्फियस (ग्रीक पुराणकथांतला गायक) हा चौथ्या शतकातला, म्हणजे जुन्या जगाचा वारसा. आठव्या-नवव्या शतकांत प्रतिमा ठेवाव्यात की नाही यावरून मोठा झगडा झाला, प्रतिमा फोडल्या गेल्या. ८४३ मध्ये प्रतिमा मानणाऱ्यांची बाजू कायमची जिंकली. त्याआधीच्या, लाकडी फळीवर रंगवलेल्या प्रतिमा म्हणूनच जगात दुर्मीळ आहेत.

आता प्रत्यक्ष फळीकडे. लाकडावर सरस, त्यावर लिननचे कापड, मग खडू किंवा जिप्सम सरसात कालवून दिलेले थरावर थर. ते घासून गुळगुळीत केले की रेखाटन. सोनेरी जागी तांबूस मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, मग घोटाई. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले, आणि क्रम गडदाकडून उजळाकडे. चेहऱ्याला आधी हिरवट-तपकिरी अस्तर, त्यावर गव्हाळ छटा, शेवटी कपाळ, नाक, गाल यांवर पांढऱ्याच्या बारीक रेघा. डोळ्यांखाली आणि हनुवटीच्या कडेला ते हिरवट अस्तर उघडे राहिलेले दिसते. समोरून काचेची चमक येत असेल तर एका बाजूला सरकून किंचित वाकावे: झिजलेल्या सोन्यातून खालची लाल माती डोकावते.

बिघाड कसा होतो तेही फळीवरच वाचता येते. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगते-आकसते, वरचा गिलावा तसा हलत नाही. मग जोडावर उभी चीर पडते, पापुद्रे सुटतात. वरचे तेलाचे वार्निश काळानुसार काळवंडते, त्यात मेणबत्त्यांची काजळी. मूळ चित्र दिसेनासे झाले की त्यावरच नवे रंगवायचे, असा प्रघात होता. म्हणून एकाच फळीवर दोन-तीन शतकांचे हात सापडतात. काहींवर चांदीचा पत्रा चढवलेला असतो, फक्त चेहरा आणि हात उघडे; आपल्याकडच्या देवांच्या चांदीच्या मुखवट्यासारखा नव्हे, उलटाच प्रकार.

‘एकसारखी’ वाटतात ती खुणा न कळल्याने. तेजोवलयात क्रूस असेल तर तो ख्रिस्तच. मेरीच्या कपाळावर आणि खांद्यांवर तारे, एखादा तारा बाळाआड झाकलेला. तिचा हात बाळाकडे निर्देश करत असेल तर ‘ओदिगित्रिया’, म्हणजे वाट दाखवणारी. गालाला गाल असेल तर ‘ग्लिकोफिलुसा’, म्हणजे गोड मुका देणारी. प्रेषितांपैकी पीटरची दाढी आखूड, कुरळी, पांढरी. पॉलला टक्कल आणि निमुळती दाढी. एवढ्यावर अर्धे दालन उलगडते.

दोन ठिकाणी विशेष थांबावे. एक, आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) त्रिग्लियाहून आलेली तेराव्या शतकाच्या अखेरची मोझाइक मेरी. १९२२ नंतर तिथून विस्थापित झालेल्या ग्रीकांबरोबर अशा कितीतरी वस्तू इथे आल्या. दुसरे, क्रीट या ग्रीक बेटावरच्या चित्रकारांच्या प्रतिमा. क्रीट तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होते आणि हा मोठा धंदा होता: १४९९ मध्ये तिथल्या तीन चित्रकारांना मेरीच्या ७०० प्रतिमांची मागणी आली, ५०० लॅटिन (म्हणजे पाश्चात्त्य) पद्धतीच्या, २०० ग्रीक. प्रसिद्ध चित्रकार एल ग्रेको याच परंपरेत शिकून पुढे इटलीला आणि स्पेनला गेला.

खरेदीबद्दलही एक सूचना. शहरातल्या दुकानांत ‘हाताने रंगवलेली’ म्हणून मिळणारी प्रतिमा बरेचदा फळीवर चिकटवलेला छापील कागद असतो. भिंगातून पाहावे, छपाईचे ठिपके दिसले तर किंमत त्याच हिशेबाने द्यावी. खरोखर जुनी प्रतिमा मात्र सांस्कृतिक मंत्रालयाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

– एक वाचक, पुणे