भूमध्य समुद्राची क्रूझ : रविवारी ठरवायचंय

सर्वांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी 6 वाजता गंगापूर रोडला दादांकडे जमायचं आहे. मुलांनाही आणा. सगळी तेरा ते एकोणीस वयाची आहेत, त्यांना विचारल्याशिवाय बुकिंग नको.

जहाज किती मोठं यापेक्षा बंदरात किती तास थांबतं ते बघा. पत्रकावर ‘रोम’ छापलेलं असलं तरी जहाज चिवितावेक्किया या बंदराला लागतं. तिथून रोम सुमारे 80 किलोमीटर, म्हणजे निम्मा दिवस जाण्यायेण्यात. नेपल्सला मात्र उतरलं की समोर शहरच. तिथून लोकलने पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर! दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात, मुलांनी त्यात बोट घालून बघावं असं मला फार वाटतं. इटलीतल्या सरकारी स्मारकांत 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत असतो, वयाचा पुरावा जवळ ठेवा.

चौघांना एक केबिन स्वस्त पडते, पण वाढत्या मुलांना वरच्या बर्थवर कोंबू नका. शेजारशेजारच्या दोन घेऊ.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुर्कस्तान शेंगेनबाहेर आहे, म्हणून वाटेत त्याचं बंदर असेल तर मल्टिपल एंट्रीच (पुन्हा आत येण्याची मुभा) मागायची. येताना सर्वांनी पासपोर्ट आणावेत, मुदत तिथेच तपासू.