आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: पेशी सुधारते, पण काढ्याने नव्हे

माननीय आरोग्यमंत्री, गुजरात राज्य, यांस,
स. न. वि. वि.

आमच्या दांडिया बाजारात हल्ली पेपरच्या घडीतून एक गुजराती पत्रक पडतं. विषाणूने बिघडलेली कॅन्सरची पेशी पुन्हा पहिल्यासारखी होते, असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणे. खाली काढ्याचा भाव आणि मोबाइल नंबर.

चीड याची येते की यातलं पहिलं वाक्य खोटं नाही. १९७० साली शास्त्रज्ञ स्टीव्हन मार्टिन यांनी कोंबडीला कॅन्सरची गाठ आणणाऱ्या राऊस सार्कोमा विषाणूचा एक बदललेला वाण वेगळा केला. त्याची लागण झालेल्या पेशी ३६ अंशांना गोल होऊन एकमेकींवर चढायच्या, अगदी गाठीतल्यासारख्या. ४१ अंशांना नेल्या की चपट्या होऊन गुमान एका थरात पसरायच्या. (४१ हे कोंबडीचं रोजचं तापमान, माणसाला इतका ताप चढला तर घरात पळापळ होते.) पण तापमान उतरवलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! विषाणूचं जनुक पेशीतच होतं, उष्णतेने फक्त त्याचं प्रथिन लुळं पडलं होतं. हे पत्रकात नाही.

खरी गोम पुढे आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मुळाशी बहुतेक वेळा एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) हा विषाणू असतो. प्रयोगशाळेत त्याची ई६ आणि ई७ ही जनुकं बंद पाडली की कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते. त्यावरून रुग्णाला देण्याजोगं औषध मात्र अजून आलेलं नाही. याउलट गर्भाशयमुखाच्या तपासणीत सापडणारे पेशींतले सौम्य बदल पुष्कळदा आपोआप निवळतात, कारण शरीरच विषाणूला हुसकावतं. अशी बाई सहा महिने काढा पिते, पुढचा रिपोर्ट चांगला येतो आणि श्रेय काढ्याला जातं. मग तिच्या शब्दावर विसंबून, जिचे बदल गंभीर आहेत ती शेजारीणही उपचार सोडून काढाच घेते. तिची वेळ हातची जाते.

कॅन्सर बरा करण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. तो राबवणारी यंत्रणा आपल्याच हाताखाली आहे. पत्रकावर नंबर छापलेला असतो, शोध घ्यायला कितीसा वेळ लागणार?

आणखी एक. ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी होते तिथे रिपोर्टसोबत साध्या गुजरातीत, बडोद्यात मराठीतही, एक चिठ्ठी द्या: बदल सौम्य आहे की गंभीर, आणि पुन्हा कधी यायचं.

कळावे,
दांडिया बाजारातील एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, वडोदरा