मधल्या फळीतला पोरगा बारा ते पंधरात हरवतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय फुटबॉल स्पर्धांचा मोसम आला की सांगली-मिरजेतल्या सामन्यांच्या बातम्या आपल्याकडे नियमित येतात, याबद्दल आभार. या बातम्यांत गोल कोणी मारला आणि गोलीने काय वाचवलं एवढं असतं. हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळणाऱ्या मुलाचं नाव पिवळं कार्ड मिळालं तरच छापून येतं. वृत्तपत्रांवर राग नाही. मैदानावर, निवड चाचणीत आणि कागदोपत्रीसुद्धा हाच मुलगा मागे राहतो, तेही व्यावसायिक मिडफिल्डरचा पाया ज्या वयात पडतो त्या बारा ते पंधरामध्ये.

चौदा वर्षांखालचा कुठलाही सामना बघा. मैदान मोठ्यांचं, शंभर मीटर लांब, आणि दोन्हीकडे अकरा-अकरा. बॅकला, म्हणजे मागच्या बचाव फळीतल्या मुलाला, समोर मोकळा माणूस दिसत नाही म्हणून तो चेंडू उडवतो. मधले हाफ मान वर करून डोक्यावरून जाणारा चेंडू बघत राहतात, तो तिकडे पडला की धावतात, तोवर परत इकडे. दमछाक पुरेपूर होते, चेंडू मात्र पायात येत नाही. त्याच मैदानात आडवी फक्की मारून साधारण ५५ बाय ३५ मीटरची दोन मैदानं पाडली, सात-सात मुलं घेतली आणि बारा वर्षांपर्यंत ४ नंबरचा चेंडू दिला, तर बॅकचा पास हाफपर्यंत जमिनीवरून पोचतो. याला खर्च म्हणजे फक्कीचं एक पोतं आणि हलवता येणारे छोटे गोलपोस्ट, तेही नसतील तर शंकू.

दुसरी अडचण जमिनीची. मुरमाच्या मैदानावर चेंडू शेवटच्या हातभर अंतरात उसळतो. त्यामुळे मुलं तळव्याखाली दाबून तो थांबवायला शिकतात. थांबवला, मग मान वर, मग बघितलं, मग पास. वरच्या पातळीवर तेवढ्या वेळात समोरचा अंगावर आलेला असतो. चेंडू घ्यायची रीत अशी: सहकाऱ्याच्या पायातून पास सुटण्याआधी एकदा खांद्यावरून मागे नजर टाकायची, चेंडू वाटेत असताना दुसऱ्यांदा. पास देणाऱ्याकडे सरळ तोंड करून उभं राहायचं नाही, अंग तिरकं ठेवायचं, म्हणजे मैदानाची दोन्ही टोकं नजरेत राहतात. चेंडू लांबच्या पायाच्या आतल्या कडेने घ्यायचा आणि पहिल्याच टचमध्ये जायच्या दिशेला मीटरभर पुढे ढकलायचा. उन्हाळ्यात मैदान दगड झालं की चेंडूत हवा कमी ठेवावी. ५ नंबरच्या चेंडूला पंपाच्या काट्यावर ९ पीएसआय पुरे. टणटणीत भरलेल्या चेंडूवर हा टच शिकवणं म्हणजे मुलालाही छळणं आणि स्वतःलाही.

मागे बघण्याचा सराव बहुतेक ठिकाणी चुकीचा होतो. चेंडू पायात आल्यावर बाहेरून ‘मागं बघ!’ असं ओरडून उपयोग नाही, तेव्हा उशीर झालेला असतो. नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचे व्हिडिओ बघून हे मोजलं आहे. चेंडू मिळण्याआधीच्या दहा सेकंदांत मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड सरासरी सहा वेळा आजूबाजूला बघायचा. आपल्याकडे आठ बाय आठ मीटरचा चौकोन आखा, कडेला चार मुलं, आत दोन. प्रशिक्षकाने चेंडू मिळणार असलेल्या मुलाच्या पाठीमागे उभं राहून बोटं वर करायची. चेंडू पायाला लागण्याआधी त्याने आकडा ओरडून सांगायचा. आकडा नसेल तर मुलं मान नुसती दाखवायला वळवतात, डोळे चेंडूवरच असतात. रोज पंधरा मिनिटं बास.

निवड चाचणीत काय होतं? वीस मिनिटांचा सामना, बावीस अनोळखी मुलं, आणि कागदावर नाव येतं ते ड्रिबल करणाऱ्याचं किंवा अंगाने दांडग्याचं. एकाच वयोगटात जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा असतो; तेराव्या वर्षी हा अकरा महिन्यांचा फरक मिशी फुटण्याइतका मोठा असतो. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच याला तिथल्या हायदुक स्प्लिट क्लबने अंगाने किरकोळ म्हणून नाकारलं होतं. दिनामो झाग्रेब क्लबने घेतलं आणि २००३ मध्ये, अठराव्या वर्षी, बोस्नियातल्या झ्रिन्यस्की मोस्तारकडे उसना दिला. तिथल्या धसमुसळ्या लीगमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ओर पुरस्कार घेतला. उलट बाजूही आहे. उंच मुलगा दिसला की त्याला स्टॉपर, म्हणजे बचाव फळीच्या मधोमध उभा, करायची आपल्याकडे खोडच आहे. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून सतरा वर्षांखालच्या विश्वचषक स्पर्धेतला भारताचा पहिला गोल करणारा जीक्सन सिंग चांगला सहा फुटांवरचा, पण खेळतो मधल्या फळीत. (त्याच संघात शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो आघाडीचा.) चाचणीत प्रत्येक मिडफिल्डरमागे एका माणसाने वही घेऊन दहा मिनिटं तीनच गोष्टी टिपाव्यात: चेंडू येण्याआधी मागे किती वेळा बघितलं, पुढच्या दिशेने किती पास दिले, आणि आपल्या अर्ध्या भागात चेंडू किती वेळा घालवला.

पंधराव्या वर्षी मुलावर ‘प्लेमेकर’ (पुढे राहून खेळ रचणारा) असा शिक्का मारायचीही घाई नको. इटलीचा पिर्लो आक्रमक मिडफिल्डर होता, २००१ मध्ये ब्रेशिया क्लबात उसना खेळताना त्याला बचाव फळीच्या पुढ्यात उतरवला आणि तिथेच त्याचं नाव झालं. जर्मनीचा श्वाईनश्टायगर बायर्न म्युनिक क्लबात विंगवरून, म्हणजे कडेवरून, मध्ये आला. ६ (बचाव फळीच्या पुढ्यात), ८ (मधोमध) आणि १० (आघाडीच्या मागे) या तिन्ही जागा मुलाने खेळलेल्या असाव्यात.

घोट्याबद्दल थोडं. मधल्या फळीतला मुलगा सतत वळतो, त्यामुळे घोटा मुरगळणं ठरलेलं. तेल लावून चोळणं बंद करा. पहिल्या दोन दिवसांत चोळल्याने सूज वाढते. बर्फ, पट्टी, पाय उशीवर. पाय टेकताच येत नसेल तर एक्स-रे. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही, तोल सांभाळायची त्याची सवय गेलेली असते आणि म्हणूनच तोच पाय पुन्हा मुरगळतो. दुखावलेल्या एका पायावर दहा उड्या न दुखता जमल्या आणि इंग्रजी आठच्या आकड्यात धावता आलं, मगच सामना. सतराव्या वर्षी एका महिन्यात तीन गावच्या बक्षीस स्पर्धा खेळणाऱ्या मुलांचे घोटे विशीतच कामातून जातात.

आता पैशाचं, कारण हे फार थोड्या मंडळांना ठाऊक आहे. ‘फिफा’च्या नियमानुसार करार शिल्लक असताना खेळाडू पैसे मोजून परदेशी क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयासाठी वर्षाला रकमेच्या पाव टक्का, १६ ते २३ साठी अर्धा टक्का. म्हणजे मिरजेच्या एखाद्या मंडळात मुलगा बारा ते सतरा अशी सहा वर्षं खेळला आणि पुढे एक कोटीला बाहेर गेला, तर मंडळाच्या वाट्याला दोन लाख रुपये येतात. करार संपून फुकट गेला तर या ५ टक्क्यांतलं काहीच नाही. पण मुलगा त्या त्या वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत, संलग्न क्लबच्या नावावर नोंदलेला हवा. शाळेकडून खेळलेलं यात धरलं जात नाही, आणि गणपतीच्या वर्गणीच्या वहीत नाव असून भागत नाही. जन्मदाखला आणि आधारवरची जन्मतारीख एक असावी. एका दिवसाच्या फरकानेही अर्ज अडकतो. तारीख मुद्दाम मागेपुढे करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की वयाची शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढतात.

पालकांनीही एक बघावं. अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार ‘फिफा’च्या नियमाने तीन वर्षांहून जास्त असू शकत नाही. पाच वर्षांचा कागद पुढे आला तर सही करू नये.

आयोजकांना एक विनंती आपल्या स्तंभातून पोचावी. पंचांच्या तक्त्यावर गोल, कार्ड आणि बदली खेळाडू यांचे रकाने असतात. त्यात ‘शेवटचा पास’ असा एक रकाना वाढवावा आणि तो भरायचं काम टेबलावरच्या स्कोअररला द्यावं. निकाल कळवताना ते नाव आपल्या वार्ताहराला आपोआप मिळेल.

आपले,
मिरज-सांगली परिसरातील काही फुटबॉल प्रशिक्षक