पट्टे सैल करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचं नाव इथे लिहिणं बरं नाही, म्हणून लिहीत नाही. पण हे वाचलंत तर लगेच ओळखाल. नाकाच्या हाडावर लाल व्रण, चुरचुरणारे डोळे आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायच्या मशीनचा पिशवीत गुंडाळलेला मास्क घेऊन जी बाई तुमच्या खोलीत शिरली आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच "हे मशीन मला परत करायचंय" म्हणाली, ती मी. वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या. तरी तुम्हाला ताईच म्हणावंसं वाटतं.

त्यावर तुम्ही मला समजावत बसला नाहीत. मशीन वापरलं नाही तर काय काय होतं ते ऐकवलं नाहीत; ते सगळं मला आधीच पाठ झालं होतं. तुम्ही पिशवी हातातून घेतलीत, मास्क बाहेर काढून उलटसुलट करून पाहिलात आणि म्हणालात, "आधी जरा आडव्या व्हा बरं."

त्या एका वाक्याचे आभार मानायला हे पत्र लिहितेय. तोवर मला झोपवून मास्क कुणीही लावून पाहिला नव्हता.

माझी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, झाली तेव्हा तासाला ३४ वेळा श्वास अडतोय असं निघालं. श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला की ती एक नोंद. तासाला ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेलं की आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र. मी काही मोठमोठ्यानं घोरणारी नाही. सकाळी डोकं जड, दिवसभर गळून गेल्यासारखं, रात्री दोन-तीनदा जाग, एवढंच. कित्येक वर्षं मी ते वयावर ढकललं, बाकीच्यांनी पाळी जाण्यावर. बाईमाणसाला हा आजार असेल असं चटकन कुणाच्या मनात येत नाही. ह्यांच्या मात्र आलं होतं. रात्री माझ्या पाठीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना हे बघत ते जागे राहायचे, हे मला रिपोर्ट आल्यावर कळलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं होतं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ आणि मऊ टाळू मागे येऊन हवेची वाट बुजते. सीपॅप मशीन हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. मशीनबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. तक्रार मास्कची होती, आणि ती ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मशीन घेतलं तिथे मला खुर्चीत ताठ बसवलं, "रात्री तोंड उघडं राहतं का?" असं विचारलं, मी हो म्हटलं, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क चेहऱ्यावर चढवला. मशीन सुरूसुद्धा केलं नाही. दहा मिनिटांत मी बाहेर.

पहिल्याच रात्री दीड वाजता डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात गार हवेचा झोत लागला आणि जाग आली. फुर्र फुर्र आवाज. मी पट्टा जरा आवळला, आवाज थांबला. कूस बदलली, पुन्हा सुरू. पुन्हा आवळला. पहाटे मास्क काढला तर नाकाच्या हाडावर खळगा पडलेला, नुसतं बोट लावलं तरी डोळ्यांत पाणी येत होतं. पाचव्या दिवशी तिथली कातडी निघाली. मी कापसाची घडी ठेवून वर मास्क लावला, तर त्या घडीच्या कडेनं हवा आणखीच जोरात यायला लागली. फोन केला की उत्तर एकच, "सवय होईल."

हे वाक्य मी आता कुणाला म्हणणार नाही. हवेच्या झोताची सवय होते, नळीची होते, मशीनच्या आवाजाचीही होते. जखमेची होत नाही. दुखतंय म्हणजे माप तरी चुकलंय नाहीतर मास्कचा प्रकार तरी, असं तुम्ही अगदी सहज बोलून गेलात, आणि मला तिथेच रडू आलं. इतके दिवस मला वाटत होतं की मीच नेट लावत नाहीये.

मग मी आडवी झाले. तुम्ही मशीन माझ्या नेहमीच्या दाबावर लावलंत आणि माझ्या उशाशी चक्क गुडघे टेकून बसलात. मास्कच्या कडेकडेनं बोट फिरवत विचारत होतात, "इथे येतेय हवा? आणि इथे?" मला उताणं झोपवून पाहिलंत, डाव्या कुशीवर, मग उजव्या. झोपल्यावर चेहरा बदलतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. गाल कानांकडे ओघळतात, जबडा खाली आणि मागे जातो, उशी लागली की मास्क एका बाजूनं उचलला जातो. खुर्चीत चपखल बसलेला मास्क गादीवर तसाच बसेल असं काही नाही.

आणि मग तुम्ही पट्टे सैल केलेत. चारही. मी तुमचा हात धरला होता, आठवतंय? मला वाटलं आता सगळी हवा सुटणार. तुम्ही चालू हवेतच मास्क चेहऱ्यापासून जरासा उचललात आणि अलगद परत टेकवलात. सिलिकॉनची ती पातळ कड आतल्या हवेनं फुगली आणि आपली आपण गालांना चिकटली. फुर्र आवाज बंद. तुम्ही म्हणालात, "तिला फुगायला जागा लागते. करकचून आवळलं की ती चेपते, दुमडते, आणि त्या दुमडीतून हवा सुटते. मग माणूस आणखी आवळतो." माझ्या अकरा रात्रींचा सगळा हिशेब त्या तीन वाक्यांत आला होता.

तुम्ही तिथेच थांबला असतात तरी माझं भागलं असतं. पण तुम्ही विचारलंत, "दिवसा श्वास नाकानं घेता की तोंडानं?" एक-एक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावलात. डावी जवळजवळ बंद. तोंड उघडं राहतं ते नाक चोंदतं म्हणून, हे तोवर कुणी शोधलंच नव्हतं. तुम्ही मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलंत, झोपण्याआधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलंत, मशीनमधल्या हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर वाढवून दिलात आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला असं बजावलंत. मोठ्या मास्कचे पट्टे हनुवटीला मागे ओढतात आणि त्यामुळे काही जणांची जीभ उलट आणखी मागे जाते, हेही तुमच्याकडूनच कळलं. ज्याचं नाक खरोखर चालत नाही त्याला तो मास्क लागतोच. मला तो नाक न तपासता दिला होता, एवढंच.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारलात तो मी विसरूच शकत नाही. माझ्या मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कळा होत्या. टचकन बसायच्या, मला आवडायच्या. तुम्ही त्या पाहिल्यात आणि विचारलंत, "तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या कुणाला पेसमेकर आहे का?" ह्यांना आहे. रात्री माझा चेहरा त्यांच्या खांद्याशी असतो. चुंबक पेसमेकरच्या फार जवळ आलं तर त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो, हे ऐकून माझे हातपाय गार पडले. तो मास्क त्या दिवसानंतर आमच्या खोलीत आला नाही. मास्क घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्यांना कुणी विचारत नसेल त्यांनी स्वतःहून सांगावं, म्हणून मुद्दाम इथे लिहितेय.

मग नाकाच्या मास्कची पाळी. पहिला नाकावरून बसणारा, तो जखमेवरच यायचा, म्हणून बाजूला. दुसरा नाकाखाली पाळण्यासारखा टेकणारा, तो उजव्या कुशीवर सरकायचा. तिसरा नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडं टेकणारा. त्याचं लहान माप मी हट्टानं मागितलं, मला ते सौम्य वाटलं होतं. तुम्ही लावू दिलंत. पाच मिनिटांत नाकपुड्या आतून चुरचुरायला लागल्या. तेव्हा सांगितलंत की लहान बोंड आत शिरतं आणि घासतं. बरोबर मापाचं बोंड तोंडाशीच टेकून राहतं, आत जात नाही. मधलं माप लावलंत आणि मी डोळे मिटले. नळी डोक्यावरून मागे गेलेली, त्यामुळे कूस बदलताना काही ओढलं जात नव्हतं. तुम्ही दिवा घालवलात आणि म्हणालात, "वीस मिनिटं पडून राहा, मी इथेच आहे." बाहेर लोक थांबलेले होते, मला ठाऊक आहे.

त्या वीस मिनिटांत तुम्ही हळू आवाजात मला एक हकिकत सांगितलीत. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा जगापुढे मांडला, तेव्हा रुग्ण होते फक्त पाच. त्याआधी आजार फार वाढला तर घशाला भोक पाडून श्वासाची वाट काढून द्यायचे. त्या पाच जणांच्या नाकपुड्यांत नळ्या बसवून भोवती सिलिकॉननं हवा अडवली होती. पुढची काही वर्षं एकेका रुग्णाच्या चेहऱ्याचा साचा घेऊन मास्क बनवत आणि तो रोज रात्री चिकटवावा लागे. मी अंधारात ते ऐकत होते आणि मनात येत होतं, तेव्हा निदान मास्क चेहऱ्यासाठी घडवला जायचा. माझ्यासाठी तुम्ही तेच केलंत. साचा घेतला नाहीत, पण माझा चेहरा पाहिलात.

घरी गेल्यावर भीती लगेच गेली नाही. मास्क लावला की छातीत धडधड, काढून फेकावासा वाटे. तुम्ही सांगितलं होतंत की आठवडाभर झोपायचा विचारच करू नका. संध्याकाळी जागेपणी, बसून, मशीन चालू करून मास्क लावा आणि आवडीचं काहीतरी करा. माझी आवड वाचनाची. मोठ्या मास्कवर चष्माच बसायचा नाही, त्यामुळे अंथरुणातलं वाचन सुटलं होतं, आणि खरं सांगायचं तर जखमेइतकंच मला ते लागलं होतं. या मास्कवर चष्मा बसतो. पहिल्या संध्याकाळी मी चार पानं वाचली आणि मास्क काढला. तिसऱ्या दिवशी एक प्रकरण संपलं तेव्हा लक्षात आलं की धडधड मधेच कधीतरी थांबली होती. दाब अगदी कमी, ४ वर सुरू होऊन हळूहळू चढेल असं तुम्ही मशीनमध्ये लावून दिलं होतंत, त्याचाही मोठा आधार झाला. आठव्या दिवशी दुपारी तासभर झोपले, दहाव्या दिवशी रात्रीची पहिली झोप.

महिन्यानं मशीनमधलं नोंदींचं कार्ड घेऊन आले तेव्हा पडद्यावर आकडे दिसले. श्वास अडण्याचं प्रमाण तासाला ३ च्या आत, वापर रोज सरासरी साडेसहा तास. किमान चार तास, १०० पैकी ७० रात्री, एवढा वापर झाला की नियमित धरतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्याच खुशीत होते. तुम्ही मात्र विचारलंत, "पहाटे चारनंतर का काढता?" पहाटेची झोप स्वप्नांची, आणि पुष्कळांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो, म्हणून ते शेवटचे दोन तास सोडू नका म्हणालात. कारण निघालं ते असं: पहाटेपर्यंत चेहरा तेलकट होऊन बोंडं निसटायची. आता रात्री तोंड साबणानं धुते, क्रीम सकाळी लावते, आणि बोंडं रोज उठल्यावर सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवते. पहाटेची झोपही मिळायला लागली.

नाकावरचा व्रण आता बोटाला जाणवतो, दिसत नाही. वर्गात दुपारच्या तासाला डोळ्यांवर झापड येत नाही. तीस वह्या एका बैठकीत तपासून होतात. सकाळी डोकं दुखत नाही, हे लक्षात यायलाही मला बरेच दिवस लागले, कारण दुखतं हेच नेहमीचं झालं होतं.

तुमचे मनापासून आभार, ताई. गुडघे टेकून बसलात त्याबद्दल, दिवा घालवून थांबलात त्याबद्दल, आणि ह्यांच्या पेसमेकरची चौकशी केलीत त्याबद्दल सगळ्यात जास्त.

पुढच्या महिन्यात बोंडं बदलायला येईन. काल रात्री वाचता वाचता झोप लागली. चष्मा डोळ्यांवरच राहिला होता, तो ह्यांनी कधीतरी हळूच काढून ठेवला. मला कळलंही नाही. मास्क सकाळी सहाला मी काढला.

तुमची,
मधल्या मापाची पेशंट