अकरानंतरची बाटली

प्रिय मंजू,

फोनवरच बोलले असते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी दादा बसलेला. हे दादाच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र. पानांचे फोटो काढून तुला व्हॉट्सॲपवर पाठवते, चष्मा लावून वाच आणि नंतर पुसून टाक. तब्येती ठीक. माझी बीपीची गोळी चालू आहे, यांचा गुडघा होता तसाच.

आमच्या कोपऱ्यावरच्या अण्णांच्या दुकानाच्या काचेवर फिकट निळा कागद लागलाय. दारू विकायची वेळ रात्री अकरापासून दोनपर्यंत वाढवून मागितली आहे. इथे इंग्लंडमध्ये असा अर्ज केला की तो निळा कागद २८ दिवस दर्शनी भागात लावावाच लागतो, आणि हरकत घ्यायची तर तेवढ्याच दिवसांत. मी रोज दूध आणायला जाते, रोज तो कागद वाचते आणि अण्णांशी हवापाण्याच्या गप्पा मारून परत येते.

अण्णा कोण ते तुला माहीतच आहे. मूळचे श्रीलंकेतल्या जाफन्याचे. तू आली होतीस तेव्हा कढीपत्त्याचे पैसे घेईनात, आणि तू मराठीतून त्यांच्याशी भांडत होतीस! लॉकडाउनमध्ये यांना खोकला झाला तेव्हा आठवडाभर दाराशी तांदूळ, डाळ, दूध ठेवून जायचे. बेल वाजवायची आणि फाटकापाशी जाऊन उभं राहायचं, मी पिशवी उचलेपर्यंत. तेव्हा सरकारने दारूची दुकानंही अत्यावश्यक यादीत घातली होती. अण्णा म्हणाले होते, त्या महिन्यांत बाटल्यांवरच दुकान तगलं. आता त्यांचं म्हणणं असं की मोठी सुपरमार्केटं आणि ॲपवाले त्यांचं गिऱ्हाईक ओढून नेतायत, विजेचं बिल झेपत नाही, आणि हीथ्रोवरून रात्रपाळी संपवून येणाऱ्या माणसाने एक बिअर मागितली तर त्यात काय बिघडलं. हे खोटं नाही गं. विमानतळावर सामान चढवणारी, झाडलोट करणारी माणसं रात्री बारा-एकला घरी येतात, त्यांची संध्याकाळ तेव्हाच सुरू होते.

पण दुकान दोनपर्यंत उघडं ठेवायला त्यांना कोण अडवतंय? दूध-पाव विकायला असा परवाना लागत नाही. लागतो तो बाटलीसाठी. आता रात्री अकरा वाजले की अण्णांचा पुतण्या दारूच्या फळ्यांवरचं शटर खाली ओढतो आणि गल्ल्याचं मशीनही बाटलीचा बारकोड घेत नाही. मग कुणी कितीही गयावया केली तरी त्याच्या हातात काही नसतं. या शटरबद्दलच मला तुझ्याशी बोलायचंय.

समोरच्या घरातला इलेक्ट्रिशियन, लाल व्हॅनवाला, अकराला दहा कमी असताना बाहेर पडतो. पायात घरातल्या स्लिपर, सुटे पैसे मुठीत मोजून घेतलेले. वरच्या खिडकीत त्याची मुलगी उभी असते, आठेक वर्षांची असेल. तो परत येताना हातात पिशवी दिसली की ती पडदा लावून घेते. कधी उशीर होतो, शटर पडलेलं असतं. मग तो जरा वेळ दुकानासमोर घुटमळतो आणि तसाच घरी जातो. त्या रात्री त्या घरातून आवाज येत नाही. त्याची बायको मला बसस्टॉपवर म्हणाली, ‘अकरा वाजले की मी सुटते.’ एवढंच. पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मंजू, मला काकूंचं पुरण आठवलं. आपण कॉलेजात असताना २ ऑक्टोबरला तुमच्याकडे पुरणपोळी असायची, १५ ऑगस्टला असायची, २६ जानेवारीला असायची. आमची आई म्हणायची, यांच्याकडे गांधीजयंतीला पुरण कसलं? मला ड्राय डे कळायच्या आधी तुमच्या घरचं पुरण कळलं. दादा त्या दिवशी पाटावर बसून चार-चार पोळ्या खायचा आणि काकू तव्यावरून उठायच्या नाहीत.

लोक म्हणतात, ज्याला प्यायचीय तो आधीच आणून ठेवेल. तू आणि मी अशी माणसं जवळून पाहिलीत. घरात ठेवलेली उरते कुठे? ती आठलाच संपते, आणि मग प्रश्न एवढाच असतो की दुकान उघडं आहे की बंद.

आपल्या आडव्या बाटलीच्या वेळचं सगळं डोक्यात घोळतंय. बायकांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करता येण्याच्या २००८ च्या त्या आदेशाची झेरॉक्स घेऊन दारोदार हिंडलो. पंचवीस टक्के बायकांच्या सह्या, मग उत्पादन शुल्कवाल्यांची पडताळणी, मग मतदान. उभ्या बाटलीला, म्हणजे दुकान राहू दे म्हणणारी, मूठभर मतं आणि आडवीला, म्हणजे बंद करा म्हणणारी, ढीगभर, तरी हरलो! का, तर यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीला मत द्यायला हवं. ऊसतोडीला गेलेल्या, मुंबईला गेलेल्या, वारलेल्यासुद्धा उभ्या बाटलीच्या पदरात. आणि आपल्या वर्गातल्या तिच्या घरी सही मागायला मी आले नाही म्हणून तू दिवाळीपर्यंत माझ्याशी अबोला धरलास. अजूनही सांगते, तुझंच चुकलं होतं. बापाचं दुकान बंद करायला लेकीची सही मागायची नसते.

इथे उलटं आहे. कुणीच हरकत घेतली नाही तर कौन्सिलला वाढीव वेळ द्यावीच लागते. पण एका माणसाचं जरी मुद्द्याला धरून पत्र आलं, तरी सहसा तीन नगरसेवकांपुढे सुनावणी लागते. एक पत्र, मंजू! आपण चपला झिजवल्या. मात्र इथल्या २००३ च्या परवाना कायद्यात हरकतीचे मुद्दे चारच : गुन्हेगारी, सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांचं संरक्षण. तब्येतीचा मुद्दा इंग्लंडमध्ये चालत नाही. स्कॉटलंडमध्ये तो पाचवा म्हणून आहे, आणि तिथे दुकानातून बाटली सकाळी दहा ते रात्री दहा एवढीच मिळते. म्हणजे मला मुलांच्या मुद्द्यावरच लिहावं लागणार. ती खिडकीतली मुलगी सोडून, कारण तिचं नाव निघालं तर घरात काय होईल सांगता येत नाही. आणि हरकत घेणाऱ्याचं नाव अर्जदाराला कळतं. म्हणून काल दुकानात जाऊन अण्णांना तोंडावर सांगितलं, दुकान दोनपर्यंत चालवा, मी चहा पाठवीन, पण बाटलीसाठी मी विरोधात लिहिणार. ते काही बोलले नाहीत. कढीपत्त्याचे पैसे मात्र घेतले. मला फार लागलं ते.

तुझ्या निवृत्तीचा समारंभ कसा झाला? साडी कोणती नेसलीस? पोरीची ॲडमिशन झाली का, पुण्यालाच घेतेय ना? सगळं सविस्तर कळव, मी आपलंच रडगाणं गातेय.

आता खरं काम. सुनावणीत बोलायचं तर ते आधी लेखी हरकतीत यावं लागतं. मला त्यात काकूंच्या पुरणाचं लिहायचंय. नाव नाही, गाव नाही, फक्त भारतातल्या एका घरात दुकान बंद असलेल्या दिवशी आई सणाचा स्वयंपाक करायची, एवढंच. तुमच्या आईचा आमच्या रस्त्याशी काय संबंध, असं म्हणून ते खोडतीलही. खोडू देत. पण ते पुरण काकूंचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही. दादा मंगळवारी मीटिंगला जातो तेव्हा त्यांच्याजवळ बस आणि विचार. नको म्हणाल्या तर ते वाक्य वगळीन, बाकीचं पत्र तयार आहे. शुक्रवारपर्यंत कळव, पुढच्या सोमवारी मुदत संपते.

तुझी,
सुली