चि. निखिलला पत्र

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मी ठीक आहे" एवढेच म्हणून तू विषय बदललास. ऑफिसात तुला चक्कर आली हे मला चार दिवसांनी सुमाकडून कळावे, याचे फार वाईट वाटले. पण या पत्रात तब्येतीविषयी लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे. तू कामातले जे विचारले होतेस, त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

डेटाबेसकडून कोणतीही चूक आली तरी व्यवहार आपोआप पुन्हा पाठवायचा, असे तुझ्या नव्या रचनेत आहे. तसे करू नकोस. चूक कोणती ते सांगणारा कोड ४०००१ आला, तर पुन्हा पाठवायला हरकत नाही. दोन व्यवहार एकमेकांच्या आड आले आणि डेटाबेसने तुझा मागे घेतला, एवढाच त्याचा अर्थ. ०८००७ या कोडचे तसे नाही. तू कमिट, म्हणजे व्यवहार कायम करण्याची आज्ञा, पाठवलीस आणि उत्तर येण्याआधी कनेक्शन तुटले, तर व्यवहार नोंदला गेला की नाही, हे तुझ्या प्रोग्रामला कळायला मार्गच उरत नाही. तेव्हा डोळे मिटून पुन्हा पाठवलेस, तर एकाच खात्यातून दोनदा पैसे जाऊ शकतील. आधी व्यवहाराच्या क्रमांकावरून नोंद शोध, मग काय ते ठरव. 'काय झाले ते सांगता येत नाही' या उत्तरालाही एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या, मानकात स्वतंत्र जागा आहे, याचे मला अजून अप्रूप वाटते. तुझा फोन ठेवल्यावर माझी अवस्था तशीच होते. असो, हे लिहायचे नव्हते.

मी कामाला लागले तेव्हा प्रत्येक डेटाबेसची लायब्ररी निराळी आणि चुकांचे आकडेही निराळे. एसक्यूएलचे मानक १९८६ साली अमेरिकेत आणि १९८७ साली आयएसओकडून आले, तरी प्रोग्राम एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे बराचसा नव्याने लिहावा लागे. १९९२च्या मानकात एसक्यूएलस्टेट हा कामाचा निकाल सांगणारा पाच अक्षरी कोड आला, त्याच वर्षी कोणत्याही डेटाबेसला एकाच पद्धतीने जोडणारे मायक्रोसॉफ्टचे ओडीबीसी आले आणि १९९५मध्ये सीएलआय ही तशीच जोडणी मानकाचाच भाग झाली. एसक्यूएलस्टेटची पहिली दोन अक्षरे निकालाचा वर्ग सांगतात: ०० म्हणजे काम झाले, ०१ म्हणजे काम झाले, पण इशारा आहे.

या ०१कडे मी एकदा दुर्लक्ष केले होते. ग्राहकांचे पत्ते वाचण्यासाठी मी चाळीस अक्षरांची जागा ठेवली होती. पत्ता त्याहून लांब असला की ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा प्रोग्राम, तो कापून देई आणि सोबत ०१००४ पाठवी. माझा प्रोग्राम मात्र 'अपयश नाही ना' एवढेच पाहून पुढे जाई. टपाल परत येऊ लागले तेव्हा कुठे मी छापील यादी हातात घेतली, आणि पत्त्यामागून पत्ता नेमका चाळिसाव्या अक्षरावर तुटलेला दिसला. कित्येक आठवडे रोज इशारा येत होता आणि मी तो यश म्हणून मोजत होते. डॉक्टरांनी तुला सांगितले ते ०१ आहे, निखिल. तू मला ०० सांगतो आहेस.

पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. तुला हे सांगण्याचा मला फारसा अधिकारही नाही. मसुद्यातल्या एका वाक्यात 'करावे' लिहायचे की 'केलेच पाहिजे', यावर मानक समितीत आम्ही पूर्ण दिवस वाद घातला, तेव्हा तू तापाने फणफणला होतास आणि बाबा एकटेच तुझ्याजवळ बसून होते. शेवटी 'केलेच पाहिजे' मंजूर झाले, म्हणून मी आनंदात घरी आले, तर तू झोपला होतास. तो शब्द आजही मानकात आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण त्या रात्रीचे तुझे गरम कपाळ मी विसरलेले नाही. तू याच क्षेत्रात आलास, माझ्याहून पुढे गेलास, याचा आनंद आहेच. पण माझे जागरणही तू उचललेस, याची भीती वाटते.

०८००७साठी वेगळी वाट कर आणि वरिष्ठांना दाखवण्याआधी मला पाठव, मी वाचेन. रविवारी सकाळी फोन करीन. तेव्हा 'ठीक' म्हणू नकोस. त्या सकाळी मोजलेला रक्तदाब सांग, वरचा आकडा आणि खालचा, दोन्ही.

तुझी,
आई